आक्का, खुर्ची अजून खिडकीकडंच आहे

मालनआक्का,

तुमची खुर्ची मी हलवलेली नाही. परवा स्वैपाकाच्या मावशींनी वर्ग झाडताना ती उचलून पोरांकडं तोंड करून ठेवली, तर मी भर वर्गात त्यांच्यावर ओरडले. बिचाऱ्या गांगरल्या. मग मीच जाऊन ती परत खिडकीकडं वळवली, शनिवारी तुम्ही सोडून गेलात तशी. शनिवारची सकाळची शाळा होती. पोरं पांगली, तुम्ही पेन्सिलींच्या डब्याचं झाकण लावलंत, पिशवी काखेत मारलीत आणि दारातनं म्हणालात, "सोमवारी जरा लौकर ये गं मेघा. खुर्चीचं काम सुरू करूया." आणि रविवारी दुपारी ताटावरनं उठलात, भिंतीला टेकून बसलात, त्या बसलातच. असं करतात होय, आक्का? काम काढून ठेवायचं आणि आपण निघून जायचं?

बघा, हे लिहायला बसले तर तेसुद्धा भांडणानंच सुरू झालं. काय करू? तुमच्याशी दुसरं काही बोलायची सवयच लावली नाहीत तुम्ही मला.

खानापूर रस्त्यावरच्या त्या एवढ्याशा गावात आपली दोघींची मराठी शाळा. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, दोन बाया. पोरांनी तुम्हाला मोठ्या बाई करून टाकलं आणि मला धाकट्या बाई. तुम्ही सासरच्या गावाहून बसनं यायचात, मी खासबागेतनं स्कूटीवर. मी नवीन आले तेव्हा ट्रेनिंगमधलं सगळं डोक्यात ताजं होतं. पोर वाचत असलं की त्याच्या डोळ्यांत बघावं, मान डोलवावी, हसावं, त्याला धीर द्यावा. आणि पहिल्याच आठवड्यात तुमच्या वर्गावरनं जाताना बघते तर काय, तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसलाय. हातात अर्धं ब्लेड, मांडीवर वर्तमानपत्र, त्यात पेन्सिलींची सालं. तुमच्या पाठीमागं बसकरावर दुसरीतलं एक पोरगं बसून घसा ताणून वाचतंय, आणि तुम्ही त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. माझं डोकंच फिरलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, मोठ्या बाई म्हणजे पेन्शनीची वाट बघत बसलेलं प्रकरण आहे.

चार दिवस कसंबसं तोंड मिटून काढले. मग राहवेना. "आक्का, पोर वाचत असताना माणसानं जरा तिकडं बघावं."

तुम्ही वळला नाहीत. "ऐकालोय की," म्हणालात, तुमच्याकडच्या बायकांच्या त्या पुरुषी बोलीत.

"ऐकून काय होतंय? त्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचं ते वाटू दे. मला त्याचं वाचणं ऐकायचं हाय. तू जा, तुझी चौथी बोंबलाल्या तिकडं."

असा तुमचा राग आला होता म्हणून सांगू! दुपारी डबा खाताना मी तुमच्याशी बोलले नाही, तर तुम्ही आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी माझ्या झाकणात टाकलीत आणि कणकुंबीच्या तुमच्या शाळेची गोष्ट सुरू केलीत. "आमचे गुरुजी लई कडक. समोर उभं करून वाचाय लावायचे. मी काय करायचो, शब्दाचं पैलं अक्षर बघायचो आणि गुरुजींच्या भुवया बघायचो. भुवई वर गेली की शब्द बदलायचा. खाली आली की म्होरं जायचं. चौथीपतोर मी पुस्तक वाचलंच न्हाय गं. भुवयांवर पास झालो! आणि गुरुजी घरी येऊन आप्पांना सांगायचे, पोरगी हुशार हाय." एवढं बोलून तुम्ही इतक्या हसलात की ताक नाकात गेलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणालात, "आणि माझं तोंड तर बघालीस न्हवं? आधीच तिखट. ते बघून पोरांनी वाचायचं काय न् शिकायचं काय?"

मला पटलं नाही. मी तेव्हाही म्हटलं, अजूनही म्हणते. पोराला माणसाचं तोंड लागतं. उद्या बँकेत, कचेरीत, मुलाखतीत त्याच्यासमोर पाठ करून कोण बसणार आहे? तुम्ही म्हणायचात, आधी आवाज फुटू दे, तोंडं काय जन्मभर बघायचीच हायत. हे भांडण आपण किती वर्षं केलं! पावसाळ्यात केलं, परीक्षेच्या काळात केलं, सहलीच्या बसमध्ये उलट्या करणाऱ्या पोरांची डोकी धरून केलं. तुमच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी पाच मिनिटं तुम्ही मला कोपऱ्यात ओढून म्हणालात, "आणि त्या दिवशी तू म्हणालीस ते बी बरोबर न्हाय हं," तेव्हा मला कळेना की कशाबद्दल बोलताय. मुलगी बोहल्यावर आणि ह्या बाईंचं वाचन चाललंय.

एकदा मी तुम्हाला पकडलं होतं, आठवतंय? मी मागं दारात उभी राहून ऐकत होते. पोरगं चुकलं की तुमचं ब्लेड थांबायचं. बरोबर आलं की परत खर्र खर्र. मी पोरगं गेल्यावर म्हटलं, "आक्का, भुवया नाहीत म्हणून काय झालं, तुमचं ब्लेड बोलतंय." तुमचा चेहरा असा उतरला! दोन दिवस तुम्ही माझ्याशी फटकून होता. तिसऱ्या दिवशी बघते तर पोर चुकू दे नाहीतर बरोबर येऊ दे, ब्लेड आपलं एका चालीत चालू. घरी बसून सराव केला होता म्हणे. सूनबाई विचारत होती, आत्ती, एवढ्या पेन्सिली कुणासाठी?

लोकांना वाटतं, सरकारी शाळेत कोण बघतंय पोराला काय येतं ते. महिनाअखेरचा तुमचा तो आठवडा त्यांनी बघायला पाहिजे होता. एकेक पोर तुमच्या मागं येऊन बसायचं. कोण अक्षरावर अडलंय, कोण शब्दावर, कोण वाक्य वाचतंय, कोण अख्खी गोष्ट. मग तुम्ही ते टॅबवर भरायचात. टॅब तुम्हाला माझ्याहून चांगला यायचा, ते एक मला कधी सहन झालं नाही. भरता भरता कुरकुर मात्र चालूच, "ह्यात वाचतंय पण लाजतंय असा खणच न्हाय. डोळ्याला दिसत न्हाय म्हणून अडालंय, असा बी न्हाय." आणि दुसऱ्या दिवसापासनं सकाळचा पहिला तास इयत्ता मोडून पोरं वाटायची. गोष्ट वाचणारी माझ्याकडं. अक्षरावर अडलेली सगळी तुमच्याकडं. मी म्हणायची, आलटून पालटून घेऊया की. तुम्ही म्हणायचात, "तुझा आवाज चांगला हाय, तू गोष्टी सांग." आता कळतंय, आक्का. कष्टाचं पोतं आपल्याकडं ओढून माझ्या हातात फुलांची परडी द्यायचात, आणि वर माझ्या आवाजाचं कौतुक.

गणितात मात्र तुम्ही हरलात हं. कबूल करा. तुमची पोरं सकाळी पाढे म्हणायची तेव्हा निम्म्या गावाला ऐकू जायचं. तुम्हाला त्याचा काय अभिमान! मी एकेकाला बाहेर कट्ट्यावर बोलावून नुसतं विचारलं, "सात चोक?" तर पोरगं डोळे मिटून सात एके सातपासनं गाडी सुरू करायचं, आणि मधे कुणी खोकलं की परत पहिल्यापासनं. तुम्ही दारात उभं राहून सगळं ऐकलंत. दुसऱ्या दिवशी घरनं पिशवीभर चिंचोके घेऊन आलात आणि पोरांना ढीग लावायला बसवलंत, सात-सातचे चार ढीग, चार-चारचे सात. जाता जाता मला म्हणालात, "जिंकलीस म्हणून लई नाचू नको." तुम्ही मला दिलेलं हे एवढंच सर्टिफिकेट आहे, आक्का.

आणि मग सानिका आली.

तिचा बाप उद्यमबागेत फाउंड्रीत, आई आठवड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी. पोरगी आईच्या मांडीला मांडी लावून बाजारात वाढलेली, त्यामुळं हिशोब करायची तो कन्नडमधून. मराठीत एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकून एकोणसत्तर लिहून मोकळी. ऐवत्तोंबत्तु म्हटलं की बरोबर पाचावर नऊ. तुम्ही तिला सांगून टाकलंत, "मनात कन्नड मोज, पाटीवर मराठी लिही. आकडा काय तुला विचारणार न्हाय कुठल्या गावची म्हणून." मी हादरले. आपल्या सीमाभागात, मराठी शाळेत, पोरांनी कन्नडमधून मोजायचं? कुणी ऐकलं तर शाळेच्या दारात येऊन उभं राहील! तुम्ही म्हणालात, "येऊ दे. त्यास्नी बी एकोणसाठ लिवाय सांगू."

पण वाचनाला तिचं तोंड उघडायचं नाही. समोर माणूस आला की संपलं. ओठ हलायचे, आवाज नाही. मी किती गोडीनं घेतलं तिला! हसून बघितलं, पाठीवरनं हात फिरवला, चॉकलेटं दिली. ती माझ्या तोंडाकडं बघत बसायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग तिच्याहून जास्त मला रडू यायचं. तिसरीच्या दिवाळीनंतर तुम्ही तिला आपल्या मागं बसवलंत. कितीतरी दिवस काहीच नाही. तुम्ही पेन्सिली काढताय, ती मागं बसलीये. मी म्हटलं, हे कसलं शिक्षण, हे तर संध्याकाळच्या बसची वाट बघितल्यासारखं झालं. आणि एके दिवशी मी माझ्या वर्गात वजाबाकी घालत होते, तर शेजारच्या खोलीतनं एक अनोळखी आवाज आला. बारीक, खरखरीत. मी खडू टाकून धावले. सानिका वाचत होती. "आ-ई-नं भा-क-री..." तुम्ही खिडकीकडं बघत बसलेल्या. मी दारातनं हात जोडले तुम्हाला, तुम्ही ते बघितलं नाहीत.

तेव्हापासनं ती वाचायला लागली, पण फक्त तुमच्या पाठीला. आपल्या गटातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे सीआरपी सर आले, त्यांनी तिला समोर उभं केलं, हातात कागद दिला. पोरगी पुतळा. त्यांनी 'अक्षर' लिहिलं. तुम्ही म्हणालात, "सर, जरा खुर्ची फिरवून बसा, वाचतीया ती. अख्खी गोष्ट वाचतीया." सर बिचारे भले माणूस. हसले. म्हणाले, "बाई, माझ्या नोकरीत पाठ फिरवून बसायची सोय न्हाय हो. पुढच्या टायमाला बघू." ते गेल्यावर मी तुम्हाला धारेवर धरलं. "बघितलंत? मी हेच म्हणत होते. वाचायला येऊन पोरगी कागदावर अडाणी राहिली. तिचा बाप आधीच म्हणतोय, एवढं करून अक्षरावरच असेल तर घरी राहू दे, धाकट्याला सांभाळेल. आता काय करणार आहात?"

तुम्ही पिशवीतनं पाण्याची बाटली काढून पाणी प्यालात. मग म्हणालात, "खुर्ची फिरवूया. पर एकदम न्हाय. येत्या आठवड्यात खिडकीकडनं कोपऱ्याकडं. मग दाराकडं. मग तिच्याकडं. हळूहळू माझं तोंड तिला दिसू दे. भ्याली तर परत मागं." आणि मग, मी कधी विसरणार नाही, तुम्ही म्हणालात, "तुझं बी जरा बरोबर हाय गं." इतक्या वर्षांच्या भांडणात पहिल्यांदा! आणि तो शनिवार होता. सोमवारी सुरू करायचं होतं. तुम्ही न फिरताच गेलात, आक्का. पोरीला पाठ दाखवून गेलात.

आता तुम्ही ऐकताच आहात असं धरून एक गोष्ट बोलून टाकते. तुम्ही असताना कधी बोलले नाही. माझ्या पोटातलं बाळ गेलं त्या वर्षी मी रजा संपवून शाळेत आले. दिवसभर नीट होते. शाळा सुटली, पोरं गेली, आणि मी तुमच्या टेबलापाशी बसून तुम्हाला सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, सासूबाई काय म्हणाल्या, कपाटात घडी करून ठेवलेली झबली. तुम्ही उठलात. मला वाटलं, आता ही बाई मला जवळ घेणार. तुम्ही गेलात आणि तुमच्या त्या खुर्चीत खिडकीकडं तोंड करून बसलात. ब्लेड काढलंत. "बोल," म्हणालात, "ऐकालोय मी."

मी टेबलावर डोकं टाकून रडले, आणि खिडकीपाशी आपलं खर्र खर्र, खर्र खर्र. माणूस मोडून पडलंय आणि हिला पेन्सिलीचं सुचतंय, असं वाटलं मला. मी तशीच उठले, स्कूटी काढली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी डबा आणलात, नाचण्याची खीर, अजून काय काय. मी खाल्लं, पण मनातनं गेलं नाही. त्याच दिवशी पेन्सिलींचा डबा उघडला, तर नव्या कोऱ्या पेन्सिलींची बोटभर थोटकं झालेली. मी त्यावरनंसुद्धा तुम्हाला बोलले, पोरांच्या पेन्सिलींची काय ही नासाडी. मला तेव्हा तुमचे कान नको होते, आक्का. मला तुमचं तोंड पाहिजे होतं. ते तिखटच असू दे. पोरांचा नियम माझ्यावर कशाला चालवलात? वाचन आणि मोजणी सोडून आपण खरं भांडण करायला पाहिजे होतं ते हे. केलं नाही. राहून गेलं.

तुम्ही गेल्यावर शाळेत फोटो ठेवला, हार घातला. पोरं रांगेनं फुलं वाहून गेली. सानिकानं फोटोकडं बघितलंच नाही. तिनं तुमचं तोंड तसं कधी नीट बघितलेलंच नव्हतं की! ती सरळ आत जाऊन तुमच्या खुर्चीच्या मागं, आपल्या जागेवर बसली, मांडीवर पुस्तक घेऊन. मी तिला उठवायला गेले आणि माझ्याच्यानं उठवेना.

पुढचे दिवस मी सगळं करून बघितलं. समोर बसले, शेजारी बसले, तिच्याबरोबर वाचायला लागले. काही नाही. परत मुकी झाली. वजाबाकी पाटीवर बिनचूक करून दाखवायची, पण पुस्तक उघडलं की ओठ शिवलेले. तिचा बाप शाळेत आला, कामावरनं तसाच, हाताला काळं लागलेलं. म्हणाला, "बाई, मोठ्या बाई होत्या तवर मी थांबलो. आता पुढच्या टायमाला सायबांनी बी तेच लिवलं तर ऱ्हाऊ दे हो. तिचं ती बघंल." वाईट माणूस नव्हे तो. थकलेला. मी हट्टानं म्हटलं, एवढ्या वेळेला थांबा. आणि घरी जाताना स्कूटीवर तुम्हाला शिव्या घातल्या. खऱ्या शिव्या, आक्का. म्हटलं, वर बसून पेन्सिली काढा आता.

काल दुपारी शेवटी मीच तुमच्या खुर्चीत बसले. खिडकीकडं तोंड करून. मला ते पटलं म्हणून नाही हं. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. डब्यातनं एक नवी पेन्सिल घेतली, तुमचं ते अर्धं ब्लेड घेतलं. समोर तुमची खिडकी. बाहेर बोअरिंगचा हातपंप, त्याच्यावर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल. एवढंच बघत बसायचात तुम्ही इतकी वर्षं? मागं सानिका येऊन बसल्याचं कळलं. मी टोक काढत राहिले. आणि मग तो आवाज आला, बारीक, खरखरीत. नदीचा धडा होता. पहिली ओळ अडखळत, दुसरी बरी, मग सरळ. एका शब्दावर चुकली, थांबली, मागं गेली, स्वतःच नीट केलं आणि पुढं गेली. मी काही बोलले नव्हते. कुणीच काही बोललं नव्हतं.

मला तुम्ही इतक्या आठवलात, आक्का, की समोरची खिडकी दिसेना. ब्लेड कुठं चाललंय ते दिसेना. आवाज येऊ नये म्हणून मी दात आवळून बसले होते. पोरगी वाचतीये, मोडायला नको.

वाचन थांबलं.

"बाई, तुमी रडालाय व्हय?"

मी तशीच, न वळता, म्हटलं, "नाही गं. वाच तू. कशावरनं म्हणतीस?"

"तुमची पाठ हलाल्या." मग म्हणाली, "मोठ्या बाईंची बी हलायची."

मी म्हटलं, "कधी?"

"मी एक ओळ नीट वाचली की हलायची. मग मला कळायचं, बरोबर आलंय. चुकली की गप ऱ्हायची. मग मी परत वाचायची." आणि अगदी साधेपणानं, जसं काही हे जगाला ठाऊक आहे, "त्या रडायच्या की सारख्या. पदरानं डोळं पुसायच्या. आमास्नी सगळ्यास्नी म्हाईत हाय."

सगळ्यांना! पहिलीपासनं पाचवीपर्यंत सगळ्या शाळेला माहीत होतं, आक्का. भुवया लपवल्यात, ब्लेडचा सराव केलात, आणि पोरं मागं बसून तुमच्या पाठीवर पास होत होती. माहीत नव्हतं ते फक्त मला.

ती उठून पुढं आली. मी बोलावलं नाही. खिडकी आणि खुर्चीच्या मधे थोडी जागा आहे ना, तिथं ती बसकर टाकून बसली, माझ्या गुडघ्याला लागून, आणि माझ्या रडक्या, सुजक्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पुस्तकात बोट ठेवलं आणि राहिलेला धडा वाचायला लागली. माझ्यासमोर. मोठ्यानं. खुर्ची फिरवायला लागलीच नाही. सरांना मी आज फोन केलाय, या म्हणून, तिच्या बापालाही त्या दिवशी बोलावलंय. काय लिहायचं ते लिहू देत.

धडा संपल्यावर मी हातात बघितलं. नवी कोरी पेन्सिल घेतली होती, बोटभर थोटूक उरलं होतं.

आक्का, त्या दिवशी डब्यात अशी किती थोटकं होती हो? मी तुम्हाला नासाडीवरनं बोलले होते. तुमच्या पाठीमागं तीन हातांवर मी बसले होते, आणि मी टेबलावरनं डोकं उचलून एकदाही तुमच्याकडं बघितलं नाही.